मानपानातला प्रीअँप

पुणे,
२२ जुलै २०२४

श्री. श्यामकांतराव खिरवडकर यांना नमस्कार.

आम्ही उभयता सुखरूप पोचलो. कुमुदताईंनी बांधून दिलेली ठेठरी गोंदियाच्या आतच संपली. शेवटची कोणी खाल्ली यावरून आमच्यात बाचाबाची झाली, ती नागपूरपर्यंत टिकली. गंधाली आम्हा दोघांनाही फार आवडली. तिचं आणि आमच्या यशोधनचं तिकडे नव्या रायपुरातल्या ऑफिसात बसून ठरलेलंच आहे, तेव्हा आपण मोठ्यांनी नुसत्या माना डोलवायच्या. समोर बोललो तेच लिहून देतो: आम्हाला देणंघेणं काहीही नको. डिसेंबरात तुमच्या सोयीची तारीख धरून रायपुरातच लग्न करू.

आता महत्त्वाचं. तुमच्या बैठकीच्या खोलीत जे पाहिलं ते डोक्यातून जात नाही. तबकड्या वाजवायचा प्लेअर उत्तम, पॉवर अँप्लिफायर दणकट, स्पीकर तर मी कोणी बघत नाही असं पाहून कुरवाळले. पण मधला तो प्रीअँप! सुईतून येणारा आवाज अगदी क्षीण असतो. प्रीअँप त्याला हात धरून उभा करतो आणि मग पॉवर अँपच्या हवाली करतो. तुमचा प्रीअँप खरखरतो आणि तुम्ही त्याला थप्पड मारता. त्या जागी ट्यूबचा प्रीअँप यायला हवा. जुन्या रेडिओत काचेच्या नळ्या असायच्या ना, त्यावर चालणारा. आवाजाला काय ऊब येते म्हणून सांगू! माझीही आयुष्यात एक ट्यूब प्रीअँप घ्यायची इच्छा होती, ती राहूनच गेली. नीलिमाला घरात आणखी एक पेटी चालत नाही. असो.

हे सगळं फोनवरच बोलणार होतो, पण मी ट्यूब हा शब्द काढला की नीलिमा टीव्हीचा आवाज वाढवते. म्हणून पत्र.

आपला,
शिशिर केतकर

&nbsp;

तात्यापारा, रायपूर,
३० जुलै २०२४

प्रिय इंदूताई,

व्याह्यांचं पत्र आलं, त्याची झेरॉक्स सोबत जोडली आहे. तू मोठी बहीण, तुझं लग्न, तुझ्या नणंदांची लग्नं, सगळं पाहिलेली. तूच सांग यातून काय समजायचं.

वर लिहितात, काहीही नको. खाली लिहितात, 'माझी इच्छा राहूनच गेली.' आणि मग 'असो.' ताई, त्या 'असो'ने मला घाम फुटला. एवढा मोठा माणूस, मुलाचा बाप, आपल्या घरी येऊन जातो, आपल्या प्रीअँपला नावं ठेवतो आणि पुढे 'असो' म्हणतो, तेव्हा आपण काय करायचं असतं?

कुमुदला दाखवलं. ती म्हणाली, "अहो, माणूस आवडीचं बोलून राहिला, बोलू द्या त्याले. तुम्ही काहून इतका विचार करता?" तिला काही गांभीर्य नाही.

खरी अडचण गंधालीची आहे. पाहुणे गेले त्याच संध्याकाळी तिने मला बजावलं, "बाबा, उनको एक चम्मच भी दिया ना, तो मैं मंडप में नहीं बैठूंगी." आणि ती बसणार नाही म्हणजे नाही बसणार, तुला माहीत आहे. बारावीच्या वर्षी ट्यूशनच्या सरांनी पोरींना मागच्या बाकावर बसवलं, तर ही वर्षभर दारात उभी राहून शिकली. म्हणजे दिलं तर मुलगी लग्न मोडेल, नाही दिलं तर व्याही. मधल्या मधे मी.

तुझा,
श्याम

&nbsp;

धंतोली, नागपूर,
५ ऑगस्ट

श्याम,

तू रिटायर झाला पण तुले अक्कल आली नाही. वराकडचे लोक तोंडाने मागतात का कधी? माझ्या लग्नात सासऱ्यांनी बाबांना एवढंच म्हटलं होतं, "नागपुरात फार उकडतं." बाबा समजले. त्याच आठवड्यात कूलर पाठवला. सासरे चकार शब्द बोलले नाहीत, ठेवून घेतला. म्हणजे तेच पाहिजे होतं ना? आणि मग जन्मभर मला घरात मान मिळाला.

तुझ्या व्याह्यांनी तर कूलरपेक्षा स्पष्ट लिहिलं आहे. 'काहीही नको' हे सगळेच लिहितात, ते वाचायचं नसतं. 'असो' वाचायचं असतं.

आता नीट ऐक. कोणता पाहिजे ते त्यांनाच विचार, पण असं विचार की विचारलंसं वाटू नये. चुकीचा दिला तर दिलाही जाईल आणि नावंही ठेवतील. पोट्टीले बिलकुल कळू देऊ नको. लग्न लागलं की बिदाईच्या गाडीत मागे ठेवून दे. गाडी पुण्याला पोचल्यावर ती काय करणार आहे?

ताई

&nbsp;

तात्यापारा, रायपूर,
१२ ऑगस्ट २०२४

आदरणीय शिशिरराव यांना सादर प्रणाम.

आपलं पत्र मिळालं. त्यातला भाव आमच्या लक्षात आला. आपल्यासारख्या जाणकाराने आमच्या घरातली उणीव दाखवून दिली हे आम्ही आमचं भाग्य समजतो.

एक सहज शंका. समजा एखाद्या गृहस्थाला आयुष्यातला पहिला ट्यूब प्रीअँप घ्यायचा आहे, तर त्याने कोणता घ्यावा? त्या गृहस्थाला यातलं काही कळत नाही असं धरून लिहावं. रंग कोणता असावा हेही कळवावं. आपली आवड हीच प्रमाण मानण्यात येईल.

कळावे, लोभ वाढवावा.

आपला नम्र,
श्यामकांत खिरवडकर

&nbsp;

पुणे,
१७ ऑगस्ट २०२४

प्रिय श्यामकांतराव,

तुमचं पत्र वाचून मी खुर्चीतून उठलो आणि घरभर चालून आलो. नीलिमाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "रंग विचारतायत?" मी म्हटलं, विचारू दे, सुरुवात अशीच होते.

रंगाचा विचार सोडा. ट्यूबच्या खाली निळे दिवे लावलेले चकचकीत प्रीअँप बाजारात मिळतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. ती लग्नातली रोषणाई आहे. ट्यूब स्वतःच मंद नारिंगी जळते, तेवढा उजेड पुरे.

पहिली गोष्ट, तबकड्यांसाठी लागणारा फोनो विभाग आतच असलेला घ्यावा. नाहीतर प्लेअर जोडल्यावर आवाज इतका बारीक येईल की मुंगी गाते आहे असं वाटेल. दुसरी गोष्ट, आवाज फार फुगवणारा घेऊ नये. नवे लोक इथेच फसतात. दुकानात दणका चांगला वाटतो, घरी आणल्यावर बटण केसभर फिरवलं की शेजारी दारात. गाण्यासाठी दोन ट्यूब पुरतात. फोनोसाठी आणखी दोन असल्या, म्हणजे चार झाल्या, तर फारच उत्तम.

तिसरी गोष्ट मी खूप विचार करून लिहितो आहे. विजेचा ट्रान्सफॉर्मर त्याच पेटीत असला तर गाण्यामागे कायम एक घूं ऐकू येण्याची भीती असते. तो वेगळ्या पेटीत असलेला मिळाला तर बघा. म्हणजे पेट्या दोन होतील, पण काय शांतता! बेंगळुरूचे एक गृहस्थ हाताने असे बनवतात, त्यांचा पत्ता मागे लिहिला आहे. मी तो कित्येक वर्षं पाकिटात घेऊन हिंडतो आहे.

पण पहिलाच आहे म्हणून घाई करू नका. आणि सुट्या ट्यूब घ्याल तेव्हा जोडीनेच घ्या, एकसारख्या निवडलेल्या. काचेला तेलकट बोटं लावू नका.

आणखी काहीही विचारा. रोज विचारा.

तुमचा,
शिशिर

&nbsp;

धंतोली, नागपूर,
२६ ऑगस्ट

श्याम,

व्याह्यांच्या पत्राची झेरॉक्स मिळाली. आधी एक पेटी होती, आता दोन झाल्या. आधी दोन ट्यूब होत्या, पानाच्या खाली जाईपर्यंत चार झाल्या. वर सुट्या, त्याही जोडीने. तू त्यांना आता एकही पत्र लिहू नको. जितकं विचारशील तितकं वाढत जाईल.

'घाई करू नका' याचा अर्थ लग्नाच्या दिवशी ऐनवेळी देऊ नका, आधीच आणून ठेवा. दुकानाचा पत्तासुद्धा लिहून दिला आहे. आणखी काय लिहायला पाहिजे होतं त्या माणसाने?

मागवून टाक. आणि आला की एकदा चालवून पाहा. पुण्याला नेऊन लावला आणि बंद निघाला तर चारचौघांत नाक कापलं जाईल.

ताई

&nbsp;

तात्यापारा, रायपूर,
२९ सप्टेंबर २०२४

प्रिय इंदूताई,

आला. दोन पेट्या, काळ्या, चार ट्यूबवाल्या. गंधाली ऑफिसात असताना उतरवून घेतला आणि धान्याच्या खोलीत तांदळाच्या कोठीमागे ठेवला.

तू म्हणालीस म्हणून चालवून पाहिला. जुना प्रीअँप काढला, हा जोडला, तबकडी लावली. काही नाही. चिडीचूप. हाताला सवय, ताई, मी त्यालाही थप्पड मारली. तेवढ्यात आठवलं की व्याह्यांनी काच आहे म्हणून लिहिलं होतं. घाबरून चारही काचा निरखल्या. पण काही फुटलं नव्हतं. ट्यूब तापायला जरा वेळ लागतो, एवढंच. त्या हळूहळू नारिंगी झाल्या आणि मग आवाज आला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा चालवून पाहिला, खात्री असावी म्हणून. तिसऱ्या दिवशीही. गंधाली घरी यायच्या आत पुन्हा कोठीमागे. व्याह्यांची वस्तू आहे, नीट तपासलेली बरी. बीरगांवच्या कारखान्यांकडून वारा आला की आपल्याकडे सगळ्या वस्तूंवर काळी भुकटी बसते, म्हणून कुमुदने त्यावर क्रोशाचं झाकण विणून घातलं. मिक्सरला आहे तसंच, मोराचं. मी तबकडी उलटवायला उठलो तर लोकर जळल्याचा वास. मोराची शेपटी गेली. प्रीअँप ठीक आहे.

कुमुद विचारत होती, "हे रोज रोज तपासायचं काम संपून काहून नाही राहिलं?" मी म्हटलं, वरपक्षाचं काम आहे, घाई करून चालत नाही.

तुझा,
श्याम

&nbsp;

रायपूर,
१३ ऑक्टूबर २०२४

आदरणीय केतकर काका,

मला मराठी बोलता येते पण लिहायची सवय नाही, चुकले तर माफ करा. हिंदीत लिहिले असते तर जास्त कडक झाले असते.

काल दसऱ्याच्या पूजेला आईने घरातल्या सगळ्या मशीन काढल्या. स्कूटी, शिलाई मशीन, मिक्सर. मग धान्याच्या खोलीतून दोन काळ्या पेट्या निघाल्या. आईने चारही काचांना हळदकुंकू लावले आणि वर झेंडू ठेवला. मी विचारले, ये क्या है? बाबा म्हणाले, "बेटा, ये तुम्हारे ससुरजी का है." त्यांचा चेहरा बघून मला कळले की माझ्यापासून लपवून ठेवले होते.

मी तुमची पत्रं वाचली. बाबांच्या ड्रॉवरमध्ये होती. 'माझी इच्छा राहूनच गेली.' 'चार झाल्या तर फारच उत्तम.' 'पेट्या दोन होतील.' काका, मी या लग्नाला एकाच गोष्टीवर हो म्हटले होते, की काही देणार नाही आणि घेणार नाही. यशोधन म्हणतो, माझे बाबा मागूच शकत नाहीत, ते हॉटेलात पाणीसुद्धा दुसऱ्यांदा मागत नाहीत. मला त्याच्यावर विश्वास ठेवायचा आहे. पण पत्रं माझ्या हातात आहेत.

मला यशोधनशीच लग्न करायचे आहे. म्हणूनच विचारते. तुम्ही माझ्या बाबांकडे हे मागितले का? हो किंवा नाही, तुमच्या हाताने लिहून पाठवा. उत्तर हो असेल तर लग्न होणार नाही. उत्तर येईपर्यंत हॉलवाल्याला मी थांबवून ठेवले आहे.

गंधाली

&nbsp;

पुणे,
१८ ऑक्टोबर २०२४

चि. गंधाली,

नाही.

एवढंच लिहून पाकीट बंद करावं, असं नीलिमा म्हणाली. पण मला राहवत नाही.

तुझं पत्र मिळाल्यावर मी माझी पत्रं आठवून पुन्हा मनात वाचली, तुझ्या बाबांच्या जागी बसून. मला धडकी भरली. मी स्वतःला मुलाचा बाप समजतच नव्हतो ग. मी आपला एक ट्यूबवेडा माणूस, दुसऱ्याच्या घरी चांगले स्पीकर बघून चेकाळलेला. तुमच्या बैठकीत प्रीअँप यावा असं लिहिलं, ते तुमच्याच बैठकीसाठी. माझ्या इच्छेचं लिहिलं, कारण ते कोणालातरी सांगायचं होतं. 'असो' लिहिलं, कारण पान संपत आलं होतं.

तुझ्या बाबांनी विचारलं, पहिला प्रीअँप कोणता घ्यावा? मला आजवर हे कोणी विचारलेलं नाही. यशोधन नाही, भाऊ नाही, ऑफिसातलं कोणी नाही. लोक मी बोलायला लागलो की घड्याळ बघतात. म्हणून मी इतकं लांबलचक लिहिलं. मला वाटलं, म्हातारपणी का होईना, एक सोबती मिळाला. तो प्रश्न भीतीपोटी आला होता हे आज कळलं. त्याचं फार वाईट वाटलं, ते तुझ्यापासून लपवत नाही.

पेट्या बेंगळुरूला परत पाठवून द्या. त्या आमच्या उंबऱ्याशी आल्या तर मी दार उघडणार नाही. बाबांना सांग, यापुढे मी त्यांना फक्त हवापाण्याचं लिहीन. सध्या पुण्यात बरंच उकडतंय.

तू रागावून सरळ मला विचारलंस, याचं मला कौतुक वाटलं. आमच्या घरात अशी एक व्यक्ती हवीच आहे.

तुझा,
शिशिरकाका

&nbsp;

तात्यापारा, रायपूर,
२५ ऑक्टोबर २०२४

शिशिरराव,

गंधालीने तुमचं पत्र मला वाचून दाखवलं. 'घड्याळ बघतात' हे तिने दोनदा वाचलं, आणि मग ती माझ्यावर चिडली. "बाबा, आपने उनको डरा दिया." मी म्हटलं, घाबरलो मी होतो. ती म्हणाली, एक ही बात है. तुमच्या घरच्या उकाड्याची बातमी मी इंदूताईला कळवलेली नाही. का ते समक्ष सांगेन.

तुम्ही म्हणालात म्हणून परवा प्रीअँप खोक्यात भरला. थर्मोकोल बसवला, सुतळी बांधली, कुरिअरवाल्याला बोलावलं. तो जिना चढत होता तेवढ्यात मी सुतळी कापली. त्याला चहा पाजून परत पाठवला. आता सगळं खरं लिहितो.

माझ्याकडे एक तबकडी आहे, वडिलांच्या वेळची. तंबोरे सुरू होतात आणि थोड्या वेळाने बाई गायला लागतात. जन्मभर ऐकतो आहे. या प्रीअँपवर लावली तेव्हा पहिल्यांदा कळलं, पहिल्या सुराच्या आधी त्या श्वास घेतात. तंबोऱ्यांच्या मागे, अगदी बारीक, पण घेतात. मी सुई उचलली आणि पुन्हा मागे ठेवली. पुन्हा तोच श्वास. कुमुदला हाक मारली. तिने कान देऊन ऐकलं आणि म्हणाली, "दमून राहिली बिचारी." शिशिरराव, ती बाई कधीच गेली असेल आणि माझ्या घरात श्वास घेते आहे. मला रडू आलं. तबकडीची दुसरी बाजू लावली तेव्हा मी स्वतःच श्वास धरून बसलो होतो.

तेव्हापासून मी तो रोज तपासतो आहे. व्याह्यांसाठी, असं घरात सांगत होतो. तुमची १७ ऑगस्टची तारीख असलेलं पत्रही रोज काढत होतो, आणि शपथेवर सांगतो, ते मी भीतीने वाचत नव्हतो. आवाज घुमतो आहे का, काच किती तापावी, हे सगळं मला तुम्हालाच विचारायचं होतं. पण ताईने पत्र लिहायला बंदी केली होती. पहिला प्रश्न भीतीचा होता, कबूल. बाकीचे माझ्याजवळ तसेच पडून आहेत, आणि ते माझे आहेत. उजव्या बाजूच्या एका ट्यूबला टिचकी मारली की स्पीकरमधून टुण्ण आवाज येतो. हे चांगलं की वाईट? ताबडतोब कळवा. हवापाण्याचं काही लिहू नका.

आमच्या घराण्यात वरपक्षाला नाही म्हणायची पद्धत नाही. माझ्या वडिलांना ते कधी जमलं नाही, मलाही आजपर्यंत जमलं नव्हतं. आज म्हणतो. हा प्रीअँप तुम्हाला मिळणार नाही. तुम्ही मागितला नव्हता, हे गंधालीला पटलं आहे. आता मागितलात तरी देणार नाही. बिदाईच्या गाडीत येणार नाही, दिवाळसणाला येणार नाही, नातू झाला तरी येणार नाही. गंधालीने इथपर्यंतचं वाचलं, मला मिठी मारली आणि लगेच हॉलवाल्याला फोन लावला. १२ डिसेंबर नक्की झाली.

तुम्हाला ऐकायचा असेल तर इथे यावं लागेल, आणि लग्नाच्या बरेच दिवस आधी यावं लागेल, कारण एकदा पाहुणे भरले की कोणी ऐकू देणार नाही. मानपान म्हणून माझ्याकडून एवढंच होईल: दोन स्पीकरच्या बरोबर मधली खुर्ची तुमची. व्हॉल्यूमच्या बटणाला मात्र हात लावायचा नाही.

तुमचा,
श्यामकांत